नागपूर ते दम्माम, सरळ रेषेत

तिकिटांच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते स्वतःच पायऱ्या चढून येतात. यवतमाळला बसस्टँडसमोर सदुभाऊंचं विमानाच्या तिकिटांचं दुकान होतं, मी तिथे कामाला. कापसाने दगा दिलेली ती वर्षं. गावोगावची पोरं आखातात कामाला जात होती आणि मागे राहिलेले येऊन एकच विचारायचे: पोरगा किती लांब आहे, वेळेवर पोचेल ना?

*

बोरी अरबचे एक काका भांडायलाच आले. "एसटीत किलोमीटरवर भाडं असते. तुमच्या इमानात दिल्लीवरून लांब पडते तं स्वस्त, मुंबईवरून जवळ तं महाग. काहून?"

"एसटीने अजून विमान चालवायला घेतलं नाही, म्हणून," सदुभाऊ म्हणाले.

"घेतलं तं बरं होईन. आमच्या फाट्यावर तरी थांबीन."

*

भिंतीवर जगाचा नकाशा होता. पुसदच्या एका बाईंनी नागपूर आणि सौदीतल्या दम्मामवर हात टेकवून पाहिला. "वीतभरच तं हाय. मंग दिवाळीले येऊन जाईन पोरगा," म्हणत खुशीत गेल्या.

दिवाळी झाल्यावर पुन्हा आल्या, पुन्हा वीत टेकवली. "नकाशा खोटा हाय तुमचा," म्हणाल्या. आम्ही कोणी हसलो नाही.

*

भाडं न विचारता नुसतं अंतर विचारणारा आला, की सदुभाऊ आधी पाणी द्यायला लावत. घरात मयत झालेलं असे. बापाला बर्फाच्या लाद्यांवर ठेवून परदेशातल्या पोराची वाट पाहायची की अग्नी द्यायचा, हे आमच्या काउंटरवर ठरायचं.

एकदा भर पावसाळ्यात सदुभाऊंनी छातीठोक सांगितलं, "थांबा. तीन हजार किलोमीटरच आहे, उद्या दुपारी मुलगा हजर."

मुलगा दुपारी नागपूरला उतरलाही. गावाच्या नाल्याला पूर होता. एवढ्या लांबून वेळेवर आलेल्या त्या पोराने बापाची चिता अलीकडच्या काठावरून पाहिली.

*

आणि राजूरच्या बाई. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला, एकुलता मुलगा दम्मामला. "नागपूर ते दम्माम किती लांब हाय, भाऊ?" एवढंच विचारलं.

मी पाणी आणलं. सदुभाऊ हळू आवाजात म्हणाले, "बर्फाची सोय करा, ताई. मुलगा उद्या पोचेल."

"पोचीन ना. पेटीत येऊन राह्यला तो. तिथं कामावर पडला."

पाण्याचा ग्लास कुठे ठेवावा ते मला कळेना.

बाईच पुढे बोलल्या. "आमच्यात मयताले एकटं ठेवत नाही, भाऊ. एवढ्या लांब त्याच्यापाशी कोण बसते?"

"पेटी विमानाच्या पोटात असते, ताई. सामानात. तिथे कोणी नसतं."

बाई पिशवी उचलून म्हणाल्या, "मंग मले तिथलं तिकीट द्या. मी बसीन सामानात."