उखर्ड्यावरचं लेकरू

आमच्या गावच्या स्टँडवर सिमेंटचा एक आदिमानव उभा आहे आणि आमच्या उखर्डू नानाचं त्याच्याशी उभं वैर आहे. आदिमानवाच्या कंबरेला रंगवलेलं वाघाचं कातडं आहे. खांद्यावर चक्क मारुतीची गदा आहे, कारण कारागिराकडे तोच साचा होता. खाली पाटी आहे: 'बळाच्या जोरावर माणसाने जग जिंकले.' नाना पंच्याहत्तरीच्या पुढचा, कमरेत वाकलेला. स्टँडवर चहाला आला की चहाआधी पुतळ्यासमोर जातो आणि काठी उगारून विचारतो, "आभायमातून पडना का हाऊ? याले कोनी मोठा कया? याना कडवर लेकरू कोठे शे?" म्हणजे, याला वाढवलं कुणी आणि याच्या कडेवर लेकरू कुठे?

लोक हसतात. मला हसू येत नाही. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवते आणि त्या पाटीचा मला नानापेक्षा जास्त राग आहे. फक्त मला काठी उगारता येत नाही.

नानाच्या नावालाही लोक हसतात. उकिरड्याला आमच्याकडे उखर्डा म्हणतात, त्यावरून उखर्डू. शहरात चार वर्षं काढून आलेली पोरं तर हे नाव ऐकून तोंडाला रुमाल लावतात. अरे, हसताय काय? नानाची आई शेवंताबाई. तिची पहिली तिन्ही लेकरं बारसं होण्याआधीच गेली. चौथं झालं तेव्हा तिनं रडू गिळलं, ते नागडं लेकरू सुपात घातलं आणि उखर्ड्यावर नेऊन ठेवलं. टाकलेल्या वस्तूवर मरणाची नजर जात नाही, असा त्यामागचा हिशेब. शेजारची कोकिळा तिथे ठरल्याप्रमाणे आली, तिनं सूप उचललं आणि मोठ्यानं म्हणाली, "उखर्डावरतून ज्यानी उचलं, लेकरू त्यानं." ज्यानं उचललं, लेकरू त्याचं. तिच्या अंगावर तेव्हा तिचं स्वतःचं पोर पीत होतं. तिनं दोघांनाही पाजलं. पुढे शेवंताबाईनं मोल म्हणून मूठभर कोंडा देऊन लेकरू परत घेतलं, पण कोकिळा होती तोवर नाना तिला आईच म्हणत राहिला. ती मेली तेव्हा खांदाही त्यानं दिला.

आता मला सांगा, यात गदा कुठे आहे? गाईचं वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं. माणसाचं पोर वर्षभर लोळतं. त्याला नखं नाहीत, दात नाहीत, पळता येत नाही. सिंहाशी, अस्वलाशी बळात बरोबरी करायची म्हटली असती तर आपला निकाल पहिल्याच पावसाळ्यात लागला असता. वाघीण आपलं पिल्लू शेजारणीकडे सोपवून पाण्याला जात नाही. आपण सोपवत आलो. आजीकडे, मावशीकडे, कुणा कोकिळेकडे. चाळीसगावकडे पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, हजारो वर्षांपूर्वीचे. त्या मण्यांनी कुणाचं डोकं फुटत नाही. कुणाच्या तरी गळ्यात बांधायलाच ते कुणीतरी घासत बसलं असणार. शहामृगं इथून गेली, माणूस उरला. का उरला, याचं उत्तर गावात रोज कडेवर फिरतं आणि आम्ही पाटीवर लिहितो 'बळ'!

असो. हा पुतळा मुळात स्टँडवर उभा राहणार नव्हता. तो पांढरीवर उभा राहणार होता.

पांढरी म्हणजे गावाबाहेरचं गिरणा नदीकाठचं टेकाड. शेताची ती काळी आणि माणसं जिथे राहून गेली ती पांढरी. राखेनं, शेणानं, मोडक्या घरांनी तिथली माती पांढुरकी झाली. ही माती धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपरावर पसरली की पाणी झिरपत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अख्खं गाव तिथून टोपल्या भरून आणत होतं. आमच्या मूर्खपणाला तोड नाही: पूर्वजांचं गाव आम्ही अक्षरशः डोक्यावर घेऊन झोपलो आणि कुणाला पत्ता नाही. नानानंही माती आणली. पण पूर्वेच्या पायथ्याला कधी कुदळ लावली नाही. दात न आलेली लेकरं आमच्यात जाळत नाहीत, पुरतात आणि ती त्या पायथ्याला पुरतात. शेवंताबाईची तिघं तिथेच आहेत. बिननावाची.

सरपंच योगेंद्र माणूस वाईट नाही, पण घाई फार. त्यानं 'आदिमानव उद्यान' आणलं आणि त्यासाठी टेकाड सपाट करायचं ठरवलं. ग्रामसभेत मी उठून सांगितलं, की पांढरीवर राहत होते ते शेती करणारे, घरं बांधणारे लोक होते, गुहेतल्या माणसाचा आणि त्यांचा हजारो वर्षांचा फरक आहे, आणि त्यांचंच घर पाडून तुम्ही त्यांचं स्मारक करताय. योगेंद्र म्हणाला, "म्याडम, योजना आदिमानवना नावनी मंजूर शे. आते शेतकरी कसा उभा करू?" सभा हसली. नाना एवढंच म्हणाला, "पूर्वेना पायथा सोडी द्या." योगेंद्रनं सगळ्यांदेखत शब्द दिला.

आणि जेसीबी आला तो पूर्वेकडूनच लागला. का, तर म्हणे गाडीरस्ता त्या बाजूनं आहे! शब्दाची किंमत ही. मी पोचले तेव्हा पायथ्याशी चार हात खोल खड्डा झाला होता आणि नाना काठावर उभा राहून जेसीबीवर काठी उगारत होता.

जेसीबीवर फैजपूरचा तौफिक होता. त्यानं बकेट उचलली आणि एकदम थांबवली. मातीत दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. एकाचा काठ फुटला होता. आत हाडं होती, अगदी बारीक, बोटांएवढी. मला कळलं. हजारो वर्षांपूर्वी लोक तान्ही मुलं अशीच मडक्यात घालून घराच्या जमिनीखाली पुरत. लांब कुठे नाही, आपल्याच घरात. सांगायला मी तोंड उघडलं, पण ट्रॉलीपाशी उभा असलेला योगेंद्रच आधी ओरडला, "काही नही रे, जुना उखर्डा शे! खापरं-हाडं निघतसच. भर ट्रॉलीमा!"

उखर्डा हा शब्द त्यानं उच्चारायला नको होता.

नाना वळला. मला वाटलं, गेला बिचारा घरी. तो गेला जवळच राहणाऱ्या धनसिंगच्या ओट्यावर आणि तिथलं सूप उचलून आला. त्या वयात, बसून घसरत घसरत, तो खड्ड्यात उतरला. दोन्ही मडकी त्यानं मातीसकट सुपात घेतली. आणि मग त्या खड्ड्यातून तो मोठ्यानं म्हणाला, "उखर्डावरतून ज्यानी उचलं, लेकरू त्यानं!"

काठावर बाया जमल्या होत्या. हे वाक्य खानदेशात शिकवावं लागत नाही. मंजुळाबाई, गावातली सगळ्यात म्हातारी, पदर सावरत म्हणाली, "खरं शे. आते ते त्यानं शे." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. एकीनं तर हात जोडले.

योगेंद्र चिडला. चूक उघडी पडली की माणूस चिडतोच. "नाना, येडा व्हयना का? हजारो वरीसनं जुनं शे ते! कोनं शे? जात काय, गाव काय? नाव तरी ठाव शे का तुले?"

नानानं सुपाकडे पाहिलं. मग पायाशी पाहिलं, जिथून त्याची तिघं भावंडं हातभर दूर होती.

"नाव?" तो म्हणाला. "उखर्डू. लिखी ले."

नानाच्या हातातलं सूप कलायला लागलं तसा तौफिकनं जेसीबी बंद केला, खाली उडी मारली आणि सुपाची दुसरी बाजू धरली.