ब्रोकोलीच्या मोडांची उसळ
ओल्या पंच्यातून मोडांचा मुळ्यासारखा उग्र वास आला की बायको आठवते. तिला कॅन्सर झाला तेव्हा मुलाने मुंबईहून ब्रोकोलीच्या बिया पाठवल्या. त्यांच्या मोडांतल्या द्रव्याने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात, माणसात किती लागू पडतं ते अजून ठाऊक नाही, म्हणाला. मी जन्मात चुलीपाशी गेलो नव्हतो, पण हट्टाने बियांना मोड आणले आणि कुळथासारखी ओलं खोबरं घालून उसळ केली. फोनवर मुलगा चिडला, "बाबा, कच्चे द्यायचे होते. शिजवले की गुण जातो." मी ओतून टाकायला टोप उचलला, तर ती म्हणाली, "राहू द्या हो. पहिल्यांदाच तुमच्या हातचं मिळतंय. मीठ तेवढं विसरलात." पेजही नको म्हणणारी ती वाटी पुसून जेवली. आज उरलेल्या बियांची तशीच उसळ केली. या खेपेला मीठ आठवणीने घातलं, पण खाणारा मी एकटाच.