जीपमागची फांदी

मेळघाटातल्या जंगलात आमच्या जीपचं दुसरं चाक पंक्चर झालं. स्टेपनी सकाळीच लावून झाली होती. मोबाइलला रेंज नव्हती आणि मागच्या सीटवर पाड्यावरच्या बाळांसाठी लसींचा डबा होता. ड्रायव्हर नामदेवभाऊंनी पळसाची फांदी तोडून जीपमागे रस्त्यावर टाकली, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून.

"भाऊ, सकाळपासून या रस्त्यावर आलंय कोण?" मी चिडून विचारलं.

"टाकायची असते, मॅडम."

मग मीही त्या फांदीकडेच बघत बसले. काहीच करता येत नसलं की माणूस निदान रीत पाळतो. दुपार कलली तशी पानांनी मान टाकली. मी डबा उघडला. लसींभोवतीच्या बर्फाचं पाणी झालं होतं. भाऊ उठले आणि ताजी फांदी तोडायला गेले.