लाल गाडी आणि आप्पांचा हात

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. उरलेले बोल्ट आणि किस्से. कितीही नीट इंजिन बसवा, ट्रेमध्ये एखादा बोल्ट उरतोच, आणि गाडी तरी मजेत चालते! तो कुठला, ते विचारायचं नाही, डब्यात टाकायचा. सुरतच्या उधन्यात मला बावीस वर्षं झाली, त्यामुळे माझा डबा काठोकाठ भरलाय. आज त्यातून एकाच गाडीचा किस्सा काढतो.

*

आधी आमचे आप्पा, माझे उस्ताद. अमळनेरकडचे, कापडाच्या लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले. लूमला नुसता हात लावून आत काय बिघडलंय ते सांगायचे, म्हणून दुरुस्तीवर गेले आणि तिथून गाड्यांवर. गिअरच्या दांड्यावर उजवा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि गाडीला कुठे दुखतंय ते सांगायचं. आमचं गॅरेज म्हणजे तो तळवा. बाकी चार पाने आणि एक जॅक.

पण आप्पांचा एक नियम होता. एका हाताचा फॉल्ट हा फॉल्ट नाही, दुसरा हात लागला पाहिजे. म्हणजे आप्पांनी बघून झालं की मी एकट्याने गाडीत बसून बघायचं. मग ते गाडीच्या डावीकडे, मी उजवीकडे, आणि दोघांनी खाली फरशीवर चॉकने लिहायचं. जुळलं तरच गाडी उघडायची.

एकदा हजीऱ्याच्या एका प्लँटची जीप आली. तीन गॅरेजं करून आलेली. आप्पांनी लिहिलं, 'मागचं माउंट'. मीही तेच. ड्रायव्हर हसला, "ज्योतिष बघता काय?" उघडलं, तर माउंटच्या, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या रबराचे दोन तुकडे.

आप्पा म्हणाले, "ज्योतिषी होणारं सांगतो. मी झालेलं सांगतो."

*

मग ती लाल गाडी आली.

जुनी स्पोर्ट्स गाडी, दोन दरवाज्यांची, बुटकी. मालक परेशभाई, साड्यांचे व्यापारी. गाडी त्यांच्या वडिलांची, कांतीकाकांची. ते गेल्यापासून सहा वर्षं बमरोलीच्या गोडाऊनमध्ये साड्यांच्या गठ्ठ्यांमागे झाकून ठेवलेली. डॅशबोर्डवरच्या खोबणीत काकांचा स्टीलचा कंगवा अजून तसाच. परेशभाई म्हणाले, "तो हलवू नका हां."

पहिल्या गिअरात टाकून क्लच सोडला की गाडी अशी हादरायची की कंगवा खणखण वाजायचा. ह्यात आप्पांचं गणित सरळ होतं. क्लच सोडताना हादरली तर क्लच नाहीतर माउंट. सोडून झाल्यावर, वेगात हादरली तर मागे जाणारा शाफ्ट. दोघांनी 'क्लच' लिहिलं. उघडलं. प्लेट काचेसारखी गुळगुळीत, फ्लायव्हीलवर निळे डाग. फ्लायव्हील लेथवर घासून आणलं, प्लेट नवी टाकली. मी एक चक्कर मारून आलो, कंगवा चूप.

माझ्यानंतर आप्पा चक्कर मारून आले आणि म्हणाले, "शे अजून."

आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. मी विचारलं, थरथर कधी होते? म्हणाले, "हात ठेवला की गप बसते. काढला की शे."

मी परत गाडीत बसलो. हात ठेवून बघितला, काढून बघितला. काहीच नाही. उतरलो तेव्हा आप्पा सकाळपासून शाफ्टखाली वाकून बघत होते ते आठवलं. चॉक घेतला आणि लिहिलं, 'शाफ्ट'.

जुळलं. शाफ्ट काढला, तपासला. त्यात काही नव्हतं.

ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं, त्याच्यासमोर 'नाही' लिहायला माझा हात धजला नाही, दुसरं काही नाही. पण एकदा खोटं लिहिलं की पुढच्या वेळी ते सोपं जातं.

*

दिवाळीनंतर आप्पांना दुसऱ्या गाड्यांतही ती थरथर लागायला लागली. एका पांढऱ्या टॅक्सीत लागली. मला नाही. मी अंदाजाने 'गिअरबॉक्स' लिहिलं, ते जुळलं. टॅक्सी दिलीपची, शिंदखेड्याचा माणूस, आमच्याच गल्लीतला. गिअरबॉक्स दोन दिवस उघडा पडला होता आणि त्यात एक दातासुद्धा झिजलेला नव्हता. त्याच दोन दिवसांत दिलीपच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि दारात टॅक्सी नाही म्हणून तिला शेअर रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. दिलीप पेढे घेऊन आला, पहिला माझ्या हातावर ठेवला. मी तो तसाच कागदात गुंडाळून खिशात टाकला.

त्या दिवशी मला दिसलं की आप्पा चहाचा ग्लास दोन हातांनी धरतात.

*

परेशभाई लाल गाडी बघायला आले. मी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं, की मला काही लागत नाही, पण आप्पा म्हणतात थरथर आहे.

ते म्हणाले, "पप्पाबी शेवटी हेच बोलायचे. गाडी थरथरते, गाडी थरथरते. आम्ही तीन वेळा दाखवली, गाडीत काहीच नव्हतं. नंतर डॉक्टर बोलला, गाडी नाय, पप्पांचा हात कापतो. तो आजार असतो ना. काही धरलं की हात थांबतो, सोडलं की सुरू."

मला आप्पांचं बोलणं आठवलं. "हात ठेवला की गप बसते, काढला की शे." आप्पा कांतीकाकांना कधी भेटलेही नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पुन्हा लाल गाडी बघितली. माझी पाळी आली. मी बसलो, उतरलो, आणि उजवीकडे लिहिलं, 'काही नाही'.

आप्पा फिरून माझ्या बाजूला आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा जुळलं नव्हतं. बराच वेळ वाचत उभे राहिले, दोनच तर शब्द.

"कधीपासून?"

"ह्याच गाडीचा क्लच झाला तेव्हापासून."

"आणि दिलीपची?"

"तीही."

"मला सांगायचं होतंस, सुभ्या," आप्पा म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. चपलेने चॉक पुसला आणि म्हणाले, "ही शेवटची. उद्यापासून मी खुर्चीवर. हात खोटा झाला की त्याने गाडीला लागू नये."

मी रडलो. सांगायला कसली लाज?

*

गाडी परत द्यायच्या दिवशी ठरलं की हजीरा रोडला एक शेवटची चक्कर मारायची. मी चालवत होतो, शेजारी आप्पा, मागच्या चिंचोळ्या सीटवर पाय दुमडून परेशभाई. आप्पांनी दांड्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले. गाडी पाण्यासारखी चालली होती. आप्पांचा हातही स्थिर.

"आता काढतो," आप्पा म्हणाले आणि हात मांडीवर घेतला.

हात कापायला लागला. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा कंगवा वाजला.

मी रस्ता बघितला, गुळगुळीत. क्लच पूर्ण सोडलेला. स्टिअरिंग माझ्या हातात थडथडत होतं. आप्पांनी तळवा परत दांड्यावर ठेवला. कंगवा चूप. काढला, खणखण. तीनदा केलं, तीनदा तसंच. मागून परेशभाई हळूच म्हणाले, "पप्पा..." येताना आप्पांनी हात उचलला नाही.

गॅरेजमध्ये आलो. मी चावी फिरवून काढली, परेशभाईंना दिली. आप्पा उतरले, पण उतरताना डावा हात टपावर टेकवला तो तसाच ठेवला. म्हणाले, "चॉक आण. नियम तो नियम."

ते डावीकडे वाकले, मी उजवीकडे. मी खरं तेच लिहिलं, एकच अक्षर, 'शे'. वाकडंतिकडं आलं. मग फिरून त्यांच्या बाजूला गेलो.

त्यांच्याही बाजूला 'शे'. सरळ, छापल्यासारखं.

"जुळलं," आप्पा म्हणाले. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं. इंजिन बंद होतं, चावी परेशभाईंच्या मुठीत होती. आप्पांनी चॉक खिशात टाकला आणि टपावरचा हात काढला.

आत कंगवा वाजायला लागला.