पिहरी वेचायला माझ्यासोबत कोण आलं होतं?

मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहण लागलं की मुद्दाम चहा करून पिणाऱ्यांतली मी. इथे या ग्रुपवर दुसऱ्यांचे अनुभव वाचताना मनातल्या मनात हसायचे, हे आधीच कबूल करते. आता माझाच सांगायची वेळ आली आहे... कोणी हसलं तर राग नाही.

मी बालाघाटला राहते. माझी मोठी बहीण शोभाताई किरनापूरच्या पुढे एका लहान गावात दिलेली. घरामागे धानाची शेतं, शेतं संपली की नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल. आई शेवटची दोन वर्षं ताईकडेच होती. ती गेली तेव्हा मला फोन आला तो सगळं संपल्यावर. बसनं जेमतेम दीड तासाचा रस्ता, पण मी पोचले तोवर अंगणात तयारी झाली होती. आधी का नाही कळवलं विचारलं, तर ताई म्हणाली, "रेंज नव्हती."

पुढे भाऊजींच्या बोलण्यातून कळलं, त्या दिवशी फोन व्यवस्थित चालू होते. मी वाद घातला नाही. पण नंतर चार वर्षं आमचं बोलणं म्हणजे — कशी आहेस, बरी आहे. तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत भाऊजींचा पाय मोडला, म्हणून जाणं भाग पडलं. संध्याकाळी जेवण झाल्यावर ताई भांडी आवरता आवरता म्हणाली, "सकाळी पिहरीले येशीन का? पाऊस येऊन मंग ऊन पडलं, वारुळापाशी निघाली असन."

पिहरी म्हणजे रानातली अळिंबी. नागपूरकडचे आमचे नातेवाईक सात्या म्हणतात. लहानपणी आई आम्हा दोघींना घेऊन जायची. मी फक्त "हौ" म्हटलं आणि झोपले.

पहाटे फटफटलं तेव्हा ताई दारात उभी होती. अंगावर रोजची जांभळी साडी, कमरेवर टोपली. "चाल," म्हणाली. मी तोंडावर पाणी मारलं, ओसरीतली दुसरी टोपली उचलली आणि मागे निघाले.

शेतांवर धुकं असं बसलं होतं की बांधसुद्धा दिसत नव्हता. पिकत आलेल्या धानाचा वास येत होता. ताई पाच-सहा पावलं पुढे. नाल्यात घोट्याएवढं पाणी, ते ओलांडतानाही आवाज झाल्याचं मला आठवत नाही. पलीकडे बांबू, साग, सगळं दुधात बुडवल्यासारखं. मी थकतही नव्हते. किती चाललो ते सांगता येणार नाही... दहा मिनिटं असतील, तासही असेल.

मग एका वारुळाच्या पायथ्याशी पिहरी दिसली. शेकडो पांढऱ्या, बारीक छत्र्या, जणू कोणी भात सांडून गेलं होतं. मी तिथेच बसले.

"फुलून फाटली ते राहू दे. कळी घे," ताई वारुळाच्या पलीकडून म्हणाली. "देठाले धरून हळूच ओढ. मुळी तुटू देऊ नको."

मी वेचत राहिले. माती थंड होती, मऊ होती. बऱ्याच वेळानं ताई पुन्हा बोलली, त्याच सुरात.

"आईनं त्या दिवशी तुह्यं नाव घेतलतं. दोनदा. मी फोन हाती घेतला अन् ठेवून देला. दोन वर्षं मीच केलं तिचं सारं... मले वाटलं, शेवटचं पाणी त माह्या एकटीच्या हातून पेऊ दे. मंग लय उशीर झाला."

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकत होते, आणि राग म्हणून आला नाही. माझे हात थांबलेसुद्धा नाहीत. "बरं ताई," एवढंच मी म्हटलं. मान वर केली तर पलीकडे कोणी नव्हतं.

पुढे गेली असेल असं वाटलं. दोन हाका मारल्या. तोवर ऊन आलं, धुकं विरत गेलं आणि खाली नाला दिसला. मी टोपली घेऊन परत फिरले.

बांधावर ताई समोरून घाईघाईनं येत होती. केस विस्कटलेले, अंगावर वेगळीच साडी.

"कुठं गेलती तू? घंटाभरापासून पाहून राह्यली तुले. गोठ्यातून आली त खाटेवर नाही."

"तुझ्यासोबतच तर होते," मी म्हटलं.

"मी त दूध काढून राह्यलती. तुह्या भाऊजीले विचार."

मी तिला सगळं सांगितलं. आईनं दोनदा नाव घेतल्याचं, हातात घेऊन ठेवलेल्या फोनचं, पाण्याचं. ती ऐकता ऐकता बांधावर खाली बसली.

"हे मी कोणाले नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुह्या भाऊजीलेही नाही."

मग ती रडली. मी तिच्याजवळ बसले. शेवटचं आम्ही अशा कधी बसलो होतो, आठवलं नाही.

घरी आल्यावर तिनं एकेक पिहरी उलटून पाहिली. एकही विषारी नव्हती, एकीचीही मुळी तुटलेली नव्हती. लहानपणी मी वेचलेल्या निम्म्या आई फेकून द्यायची. आणि ती जांभळी साडी मागच्या दोरीवर होती, आदल्या संध्याकाळी धुतलेली, अजून ओली.

मी झोपेत चालले असेन? चालत गेले असेन, पण वेचणं कसं जमलं? फोनचा अंदाज मनात आधीपासून असेल, मान्य. पण "दोनदा" हा शब्द कुठून आला? दोन वर्षं डोकं लावते आहे.

आता आम्ही रोज बोलतो. गेल्या दिवाळीला फराळ करताना ताईनं अचानक विचारलं, "ते जे बोलली तुले जंगलात... रागानं बोलली का?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी हळू बोलली. थकल्यासारखी."

ताईनं कढईतली करंजी उलटली. "मंग मीच असन," म्हणाली.