मोठ्या आईची हरकत

निवडणूक जाहीर झाली की मोठी आई गोड करायची. लोकसभा असो, विधानसभा असो, की जिल्हा परिषद, तिला फरक पडत नसे. उमेदवार कोण, चिन्ह कोणतं, हे ती विचारायचीसुद्धा नाही. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तिला एवढंच माहीत होतं. मोठे बाबा पोत्यात गुंडाळलेली बंदूक मोटरसायकलला बांधून निघाले की इकडे ती चुलीवर तांदळाची खीर चढवायची आणि शेजारणींना ओरडून सांगायची, "माया घरची बंदुक माहेरी गेली व! या खीर खाले."

निकाल लागून बंदूक परत आली की तीच बाई दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे. "आली का भवानी," म्हणायची आणि भांडी आपटायची.

मोठे बाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणून त्यांची बायको आमची मोठी आई. आम्ही गोंदियाला राहायचो. मी तिथल्या इंग्रजी शाळेत शिकले आणि सुट्ट्यांमध्ये गावी यायचे. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर उन्हाळ्यातही धान घेणारं आमचं गाव. पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. मी फार बोलत नसे. भावंडं माझ्या मराठीला हसायची, म्हणून मी स्वयंपाकघरात मोठ्या आईजवळ बसून राहायचे. ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "नोको बोलू. बोलनारे लय हायेत या घरात. तू पाह्यत राह्य."

मी पाहत राहिले. ती बंदूक मी नीट पाहिली आहे. पीक संरक्षणाच्या परवान्याची भरमार बंदूक, आजोबांच्या वेळेपासूनची. नळीतून दारू आणि छर्रे ठासायचे आणि एकदाच बार काढायचा. देवघराच्या खोलीत खुंटीला ती टांगलेली असे आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू लागत असे. नवा पाहुणा आला की मोठे बाबा ती हमखास खाली काढून दाखवत. मोठी आई आतून म्हणायची, "दाखवा, दाखवा. पोरगी पाहाले आलेत ना पाहुने!" पाहुणे हसत आणि मोठे बाबाही हसत. ते वाईट माणूस नव्हते. मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा येतो.

रानडुकरांचा त्रास खरा होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर कुणी म्हणेल, शहरातल्या मुलीला काय कळतं. एका रात्रीत कळप धानाची अख्खी बांधी लोळवून टाकतो. एका वर्षी, बंदूक ठाण्यात असताना, डुकराने मोठ्या बाबांची मांडी फाडली. महिनाभर ती जखम मोठ्या आईनेच धुतली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, बंदूक हातात असती तर ही वेळ आली नसती. मोठे बाबा मान हलवत. एकदा ती पट्टी बांधता बांधता म्हणाली, "डुक्कर आला मांगून. तुमच्या बंदुकीले पाठीवर डोरे हायेत का? अना बारूद ठासेपर्यंत तो थांबनार होता का, बसा म्हनून?"

"तुले काय समजते," मोठे बाबा म्हणाले.

"मले पट्टी बांधनं समजते. हालू नोका."

पंचफुलाबाई तिची मैत्रीण. दोघींपैकी कुणीच हा शब्द वापरला नसता. पंचफुलाबाई बौद्ध मोहल्ल्यातली, आमच्या रोवणीला आणि कापणीला येणारी. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं आहेत. त्यांची फुलं ती वेचायची, वाळवायची आणि अर्धी आणून द्यायची. हा व्यवहार दोघींनी लग्न होऊन आल्या वर्षीच ठरवला होता. घरातल्या पुरुषांनी त्यात कधी लक्ष घातलं नाही, कारण मोह वेचणं हे बायांचं काम. मोठी आईही टोपली घेऊन जायची. फुलं पहाटे गळतात. उजाडायची वाट पाहिली तर गुरं आणि डुकरं खाऊन जातात. म्हणून बाया अंधार असतानाच निघतात आणि कमरेत वाकून वेचत राहतात. दोघी झाडाखाली एकमेकींना शिव्या देत वेचायच्या. "तुयी कंबर मोडली का व बाई?" पंचफुलाबाई विचारायची. "मोडली तं तुयाच घरी येऊन पडीन," असं उत्तर यायचं.

मोठे बाबा रात्री मचाणावर राखणीला असत आणि बाया यायच्या आत, कोंबडा आरवला की घरी परतत. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. त्या दिवशी ते परतले नाहीत. आदल्या संध्याकाळी कळपाने बांध फोडला होता आणि त्यांना आज एक तरी डुक्कर पाडायचंच होतं. घरी तसं सांगावं, असं त्यांना वाटलं नाही. मोठ्या आईचा गुडघा धरला होता. तिने दारातूनच पंचफुलाबाईला सांगितलं, "तू हो समोर, मी येतोच." मोठी आई कालव्यापर्यंत पोचली आणि बार झाला.

मी त्या आठवड्यात गावीच होते. आवाजाने जागी झाले. फटाक्याहून जड आवाज. कुणीतरी अंगणात आनंदाने म्हणालं, "पडला वाटते!"

मोहाच्या झाडाखाली वाकलेली बाई पडली होती. छर्रे मानेत आणि छातीत. आम्ही पोचलो तेव्हा मोठी आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मोठे बाबा थोड्या अंतरावर उभे राहून एकच वाक्य म्हणत होते, "मले डुक्कर दिसला. खरंच सांगतो, डुक्कर दिसला." मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. त्यांना डुक्करच दिसलं असणार. हातात बंदूक घेऊन रात्रभर डुकराची वाट पाहणाऱ्याला अंधारात वाकलेलं दुसरं काय दिसणार?

पोलीस येईपर्यंत आमच्या अंगणात माणसं जमली. काका, मामा, गावातले दोन शहाणे. काय सांगायचं ते ठरू लागलं. बाई परवानगीशिवाय दुसऱ्याच्या शेतात शिरली होती. अंधारात. चोरून मोह नेत होती. बंदूक ठासताना हातून उडाली. याच घरात राहणारा, धाकट्या काकांचा मुलगा भूषणदादा प्रत्येक वाक्यावर "बराबर" म्हणत होता. पंचफुलाबाईचा मुलगा फाटकाबाहेर उभा होता. त्याला ऐकू जात होतं. त्याची कुणालाच लाज वाटली नाही. सकाळी जिवंत असलेल्या बाईला हे लोक दुपारच्या आत चोर करून मोकळे झाले होते.

ठाणेदार आले. शहाण्यांपैकी एकाने सुरुवात केली, "साहेब, वो बाई बिना पूछे..."

मोठी आई आतून बाहेर आली. तिने लुगडंही बदललं नव्हतं. "मीनं बलावलं होतं तिले," ती म्हणाली. "दरसाल येते ते. झाडं आमची, वेचनं तिचं. चोर नोहोय. अना बंदुक उडाली-गिडाली नाई, साहेब. यायनं झाडली. न पाह्यता झाडली."

"मोठी आई, तू अंदर जाय," भूषणदादा ओरडला.

"काऊन जाऊ? तिचं रगत माया अंगावर हाये, तुया नाई."

तिचा जबाब तसाच लिहिला गेला. मोठे बाबा आत गेले, पुढे जामिनावर सुटले. खटला अजून चालू आहे. बंदूक जप्त झाली. आणि घराचा सगळा राग बंदुकीवर नाही, पंचफुलाबाईला मारणाऱ्यावर नाही, मोठ्या आईवर निघाला. नवऱ्याला आत टाकणारी बाई. नातेवाईक तिच्या हातचं पाणी पिऊन तिच्याच तोंडावर हे बोलत. दादाने तिच्याशी बोलणं सोडलं. ती मात्र जेलमध्ये मोठ्या बाबांना भेटायला जायची तेव्हा न चुकता डबा घेऊन जायची. आत नेऊ दिला नाही तर बाहेर भांडायची. मी एकदा विचारलं, तुला त्यांचा राग नाही येत? ती म्हणाली, "येते तं. पन केलं ते भोगावं मानसानं. उपाशी कायले राहावं?"

मग दादाने स्वतःच्या नावाने नव्या परवान्यासाठी अर्ज केला. त्याच शेतासाठी, त्याच धुऱ्यासाठी. जुनी जप्त झाली म्हणून नवी. मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. उलट गावातल्या आणखी दोघांनी चौकशी केली, अर्ज कसा करतात म्हणून.

चौकशीला हवालदार आले. पोहे झाले, चहा झाला. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "घर में किसी को कोई हरकत तो नहीं ना?"

"नहीं नहीं, साहेब," दादा म्हणाला.

"मायी हाये," स्वयंपाकघरातून आवाज आला.

हवालदार परत बसले. मोठी आई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मावशी, डुक्कर आला तं काय करान मंग?"

"हाकलीन. डबे वाजवीन."

"अना नाई गेला तं? धान खाऊन टाकला तं?"

"खाईल," ती म्हणाली. "पुढच्या साली धान अखीन होते, साहेब. पंचफुला होते का?"

हवालदारांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. त्या वेळी परवाना मिळाला नाही, एवढं खरं. त्यानंतर दादाने घरात तिचं ताट वेगळं केलं. ती ते घेऊन मागच्या ओसरीवर बसायची आणि बसल्या बसल्या दादाच्या बायकोला सांगायची की भाजीत मीठ कमी आहे.

मागच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. तेरवीच्या जेवणात लोक म्हणत होते, बाई चांगली होती, पण शेवटी डोकं फिरलं होतं. मी वाढत होते. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं आणि म्हणाले, "डोकं तिचं एकटीचंच ठिकाणावर होतं." पंगतीत कुणीतरी म्हणालं, "शहरातली हाये, सोडा." दादाने परत अर्ज केला आहे. या वेळी घरात हरकत घेणारं कुणी नाही.

या मार्चमध्ये मी गावी गेले होते. पहाटे कालव्याच्या बाजूने आवाज आले म्हणून बाहेर आले. मोह वेचायला निघालेल्या बाया होत्या, पंचफुलाबाईची सून सगळ्यांत पुढे. डोक्याला लाल फडकी बांधलेली, हातात पेटलेले टॉर्च. मचाण दिसलं की त्या थांबत आणि एकदम ओरडत, "मानसं आहो गा! मानसं आहो!" उत्तर येत नसे. त्या थोडं चालत आणि पुन्हा ओरडत.