पंचांनी पाहिलेला सिनेमा

ते प्रकरण आजही डोक्यातून जात नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला अजून नीट कळलेलंही नाही. खून, दरोडे, जनावरांच्या चोऱ्या, भावकीतल्या बांधाच्या मारामाऱ्या हे सगळं नोकरीत हाताळलं. त्यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण हे शेवटी तरी ठरायचं. या प्रकरणात गुन्हा उघडकीस आला, आरोपीने कबुली दिली, दोषारोपपत्र कोर्टात गेलं, आणि तरी ज्याचं नुकसान झालं होतं त्याच्या हाती काही पडलं नाही. कुणाचंही नाव मी इथे घेणार नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि पोलीस निरीक्षक म्हणून माझी नेमणूक परंड्याला होती. सकाळची हजेरी उरकून मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ठाणे अंमलदार एका माणसाला घेऊन आत आला. चाळिशीचा, बोटांना शाई लागलेली. गावात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवस, बारसं, निवड, श्रद्धांजली, सगळ्यांचे फ्लेक्स तोच छापायचा. या फ्लेक्सवाल्याने एक सिनेमा काढला होता. छोटाच, बावीस मिनिटांचा. त्याची गोष्ट अशी: पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्याने पडतो. एक बाई तो उचलून आणते आणि गळक्या गोठ्यावर टाकते. फ्लेक्सवरचा हात जोडलेला पुढारी आतल्या बाजूला येतो. मग ती रोज धार काढताना वर बघून त्याला आपली गाऱ्हाणी सांगत बसते.

पुण्याच्या एका कंपनीने हा सिनेमा घेतला होता. मोबाईलवर मराठी सिनेमे दाखवणारी कंपनी. ट्रेलरचा कार्यक्रम परंड्यातच एका मंगल कार्यालयात झाला. सिनेमा लागायला चार दिवस उरले असताना कंपनीच्या पेजवरून ट्रेलर गायब झाला आणि तिथे एक चित्र आलं. त्यावर मजकूर होता की सिनेमा दाखवाल तर परिणाम वाईट होतील, तुमच्या सगळ्या ग्राहकांची माहिती आमच्याकडे आहे, ती बाहेर सोडू. त्याच दिवशी फ्लेक्सवाल्याच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून दुकान राहणार नाही असा मेसेज आला. संध्याकाळपर्यंत कंपनीने सिनेमा यादीतून काढून टाकला आणि त्याला दोन ओळींचा मेल पाठवला: तांत्रिक कारणास्तव प्रदर्शन स्थगित.

मी म्हटलं, तुमच्या धमकीची फिर्याद घेतो, दुकानावर गस्त लावतो.

तो म्हणाला, "साहेब, दुकानाचं माझं मी बघतो. सिनेमा तेवढा लागला पाहिजे. पाच वर्षं घातलीत त्याच्यात."

तुम्ही स्वतः दाखवा की मग, असं मी सहज म्हणून गेलो. तेव्हा त्याने करारनामा काढला. सिनेमा कंपनीच्या मालकीचा झाला होता. याने शाळेच्या पटांगणात पडदा लावून दाखवला तरी कंपनी याच्यावर दावा लावू शकत होती. म्हणजे दाखवायचा तर कंपनीनेच, आणि कंपनी तर गप्प झाली होती.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षकाने स्वतः करावा लागतो, त्यामुळे ते मला कुणावर ढकलताही येईना. आमच्या पिढीच्या अधिकाऱ्याला बोटांचे ठसे कळतात, रक्ताचे डाग कळतात. पेज हॅक झालं म्हटल्यावर पंचनामा कशाचा करायचा, इथूनच माझी सुरुवात. मी पुण्याला फोन लावला. पेज तुमचं आहे, तर तक्रार तुम्ही द्या. त्यांचं उत्तर ठरलेलं, टीमशी बोलून कळवतो. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यांना तक्रारच द्यायची नव्हती. तक्रार दिली की बातमी होणार, बातमी झाली की ग्राहक जाणार. ज्याच्या घरी चोरी झाली तोच दार लावून आत बसला होता. शेवटी मी सांगितलं की सरकारतर्फे गुन्हा दाखल करतो आणि तुमच्या साहेबांना जबाबाला परंड्याला बोलावतो. मग हालचाल झाली.

कंपनीच्या विधी विभागाच्या एक बाई गाडी करून आल्या. शांत, हुशार, अदबीने बोलणाऱ्या. त्यांनी तक्रार लिहून दिली. सोबत तज्ज्ञाचा जाड अहवाल आणला होता. त्यात लिहिलं होतं की हल्ला परदेशातून झाला असावा. मी विचारलं, तुमचे कॉम्प्युटर तपासायला मिळतील का? त्या म्हणाल्या, खबरदारी म्हणून त्याच दिवशी सगळे कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने सुरू केले. मी डोक्याला हात लावला. पंचनाम्याआधी घटनास्थळ सारवून घेणारी माणसं खेड्यात पुष्कळ पाहिली होती, पण ही तर शिकलेली मंडळी होती.

परदेशाचा धागा घेऊन मी दोन दिवस धाराशिवच्या सायबर शाखेत चकरा मारल्या. तिथल्या मुलांनी मला बरंच समजावलं आणि मी बरीच मान डोलावली. काहीही कळलं नाही.

मग खबर मिळाली ती अगदी जवळून. फ्लेक्सवाल्याची धाकटी बहीण त्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाईन करायची. ती एकटीच ठाण्यात आली. तिच्या हातात त्या धमकीच्या चित्राचा कागद होता. मजकुराभोवती मोरपिसांची सोनेरी चौकट होती. ती म्हणाली, "साहेब, ही चौकट मी काढलीय. प्रत्येक पीस हातानं काढलंय, कुठून उचललेलं नाही." आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी तिने ती केली होती आणि ती फाईल एकच माणूस पेन ड्राईव्हवर घेऊन गेला होता. दुकानाचं निम्मं काम त्या पुढाऱ्याचं, म्हणून भावाला सांगायचा तिला धीर झाला नव्हता.

फाईल नेणारा होता पुढाऱ्याचा कार्यकर्ता. गाव ईट, वय पस्तीस, दोन लेकरांचा बाप. साहेबांचा मोबाईल, साहेबांचे फोटो, साहेबांच्या शुभेच्छा, सगळं तोच बघायचा. इतक्यात सायबर शाखेकडून मेसेजच्या नंबरची माहिती आली. सिमकार्ड याच्या मावशीच्या नावावर होतं. बिचाऱ्या मावशीला व्हॉट्सॲपसुद्धा येत नव्हतं.

चौकशीला माणूस समोर बसला की मी आवाज चढवत नसे. आधी घरचं विचारायचं, पाऊसपाणी विचारायचं. लपवणारा माणूस उत्तर देण्याआधी तुमचाच प्रश्न परत म्हणतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं. याला विचारलं, पेजचा पासवर्ड कुठून मिळाला? तो म्हणाला, "पासवर्ड कुठनं मिळाला?" मी चहा मागवला आणि वाट बघत बसलो. चहा अर्धा झाल्यावर तो बोलायला लागला.

पासवर्ड त्याला कंपनीनेच दिला होता. ट्रेलरच्या कार्यक्रमात कंपनीच्या माणसाच्या फोनला रेंज मिळेना. कार्यक्रमाला आलेला हा मोबाईलमधला वस्ताद, म्हणून त्याच्या फोनवरून कार्यक्रम पेजवर थेट दाखवला. त्यानंतर पासवर्ड कुणी बदललाच नाही. परदेशातून झालेला हल्ला तो हाच, परंड्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसून केलेला.

ग्राहकांच्या माहितीचं विचारलं तर तो म्हणाला, "कसली माहिती जी? माझ्याकडं काय बी न्हाय. घाबरावं म्हणून लिवलं."

"तुला हे करायला साहेबांनी सांगितलं होतं का?"

"न्हाय. त्यांनी सांगाय लागतंय व्हय? आमच्या साहेबावाणीच पुढारी गोठ्यावर, खाली म्हस उभी. लोक हसत्याल. म्या कसं बघू ते?"

तो खोटं बोलत नव्हता. त्या माणसाने खरोखर प्रेमापोटी गुन्हा केला होता.

आता पुढारी. ते ठाणं डोक्यावर घेणार अशी मनाची तयारी करून मी त्यांना जबाबाला बोलावलं. ते आले. त्यांनी सिनेमाचं नावही ऐकलं नव्हतं. मी गोष्ट सांगितली. ते ठसका लागेपर्यंत हसले.

"अहो साहेब, टाकत्यातच की गोठ्यावर. माझ्याच शेतात कडब्याच्या गंजीवर मी हाय पांघरलेला. दाखवू द्या त्याला पिच्चर. मी येतो बघायला."

त्यांनी तिथेच बसून आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं की या सिनेमाला माझी काहीही हरकत नाही. मला फार बरं वाटलं. आरोपी सापडला, धमकी पोकळ निघाली आणि ज्याच्यासाठी धमकी दिली त्याचीच परवानगी हातात. फ्लेक्सवाल्याला ठाण्यात बोलावून मी पेढा दिला. त्याने तिथूनच चार जणांना फोन करून सिनेमा लागणार म्हणून सांगितलं. पत्राची प्रत मी पुण्याला पाठवली.

आठवड्याने विधी विभागाच्या बाईंचा फोन आला. सिनेमा प्रदर्शित होणार नाही. मला वाटलं त्यांनी पत्र वाचलं नसेल. त्यांनी वाचलं होतं. पत्रामुळेच अडचण वाढली होती. त्यांनी समजावून सांगितलं की आजवर सिनेमातला पुढारी काल्पनिक होता, आता एका खऱ्या पुढाऱ्याने हरकत नाही असं लिहून दिलं म्हणजे तो कोण हे कागदावर आलं. उद्या त्यांचं मन बदललं तर?

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"साहेब, मी दोनदा पाहिलाय. घरी आईलाही दाखवला. फार आवडला."

"मग थांबवलं कुणी?"

"निर्णय झालाय, साहेब."

कार्यकर्त्याला पश्चात्ताप झाला होता. पुढाऱ्याला सिनेमा बघायचा होता. बाईंना तो आवडला होता. त्यांच्या वरिष्ठांशी बोललो तर तेही म्हणाले की वैयक्तिक मत विचाराल तर सिनेमा सुंदर आहे. एकही माणूस नको म्हणत नव्हता आणि तरी सिनेमा लागत नव्हता. मी कागद घेऊन नावं मांडून पाहिली. कुणापुढे फुली मारावी ते मला समजेना. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

दोषारोपपत्रासाठी सिनेमाची प्रत जप्त करणं भाग होतं. धमकी ज्यावरून दिली ती वस्तू कोर्टापुढे पाहिजे. कंपनीने पेन ड्राईव्ह पाठवला. दोन पंचांसमोर तो चालवून बघायचा आणि बनवणाऱ्याने हा आपलाच सिनेमा म्हणून ओळखायचा, असा पंचनामा ठरला. पंच म्हणून गावातले एक वयस्कर मुसलमान शिंपी आले आणि खताच्या दुकानातले एक गृहस्थ. मी, लिहायला हवालदार आणि फ्लेक्सवाला. भर दुपारी ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर आम्ही सिनेमा लावला.

पहिली पाच मिनिटं पंच ताठ बसले होते. पंचनाम्यात हसायचं असतं की नाही, हे त्यांना ठरवता येत नसावं. मग ती बाई धार काढता काढता वर बघून म्हणाली, "पाच वर्सांतनं एकदा हात जोडतूस. आता रोजच जोडून बसलायस, तर ऐक." खतवाले फिसकन हसले. मग शिंपीचाचा हसले. हवालदाराने लिहायचं सोडून दिलं. शेवटी ती बाई आजारी पडते आणि दोन दिवस गोठ्यात येत नाही. म्हैस नुसतीच वर बघत उभी राहते. तिथे चाचांनी रुमाल काढला. फ्लेक्सवाला मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. तो बावीस मिनिटं पंचांच्या तोंडाकडे बघत होता.

मी पंचनाम्यात लिहून घेतलं की चित्रफीत पूर्ण पाहिली, आवाज व दृश्य स्पष्ट, सोबत हजर असलेल्या इसमाने ती ओळखली. पेन ड्राईव्ह पाकिटात घातला, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली, लाखेचं सील केलं. सही करता करता चाचांनी विचारलं, "साहेब, हे गावात कवा लावणार? घरच्यांला दावतो की."

फ्लेक्सवालाच म्हणाला, "कोर्टाची तारीख लागली की तिथंच लागंल, चाचा."

तेही झालं नाही. कंपनीला आपलं नाव कोर्टात नको होतं, तिने तडजोडीचा अर्ज दिला. कार्यकर्ता बायकोलेकरांना घेऊन फ्लेक्सवाल्याच्या दारात माफी मागायला गेला, तेव्हा यानेही त्याला माफ केलं आणि अर्जावर सही केली. मी विचारलं तर म्हणाला, त्याला शिक्षा होऊन सिनेमा थोडाच सुटणार आहे. प्रकरण मिटलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. धमकी देणारा सापडतो, कारण त्याला फोन नंबर असतो, मावशी असते, गाव असतं. धमकी संपल्यावर जी भीती मोठ्या ऑफिसात फाईल होऊन राहते, तिला यातलं काही नसतं. तिचा तपास कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि आजही येत नाही.

निवृत्तीच्या महिन्यात कोर्टाचा आदेश आला: मुद्देमाल मालकास परत करावा. विधी विभागाच्या बाई परंड्याला आल्या. मुद्देमाल खोलीतून पाकीट आणलं, सील शाबूत असल्याची खात्री करून घेतली. बाईंनी माझ्या नजरेला नजर न देता सही केली. ज्यांनी तो सिनेमा कपाटात घातला होता त्यांच्याच हातात तो मी स्वतः दिला आणि रजिस्टरात शेरा लिहिला, 'मूळ मालकास परत केला.' त्याखाली माझी सही आहे.